इसावर दोन मेंढ्या

मूकबधिर लेकरांना शिकवायचा डी.एड. परवडतो का, हे विचारायला लोक अजून माझ्याकडे येतात. परवा एक शेतकरी बारावी झालेल्या मुलीला घेऊन आला. त्याच्या हातात कॉलेजचं माहितीपत्रक, मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. "सर, खरं खरं सांगा, लावलेला पैसा निघतो का ह्याच्यात?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. फी किती, खोलीभाडं आणि मेसचे किती, अनुदानावर आलेल्या शाळेत पगार किती, आणि अनुदान नसेल तर किती वर्षं चणे-फुटाणे खाऊन काढावी लागतात. माझी उमेदीची वर्षं त्यातच गेली, त्यामुळे आकडे तोंडपाठ आहेत. माणूस समाधानानं गेला.

चहाचे कप उचलताना बायको म्हणाली, "सगळं सांगितलं का त्येला?"

मी तिच्यावर खेकसलो. मी तसा तापटच. शाळेतली पोरंसुद्धा आधी माझा चेहरा बघतात आणि मग वर्गात पाय टाकतात. पण त्या दिवशी खेकसायला कारण होतं. सगळं सांगितलं नव्हतं, आणि ते तिला माहीत होतं.

आमचं घर मेंढरांचं. औंढा तालुक्यात, सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला आमचं गाव. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटलं की उघड्या पडलेल्या गाळावर गवत उगवायचं, तिथं आमचा कळप चरायचा. एरवी वडील मेंढरं घेऊन शेतोशेती हिंडायचे. ज्याच्या रानात मेंढरं बसवली त्याच्या रानाला लेंड्यांचं खत व्हायचं, त्याबदल्यात तो ज्वारी द्यायचा. घरात मी थोरला, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान बहीण. ती जन्मापासून बहिरी होती.

ती बहिरी आहे याचा आमच्या घरात कधी बोभाटा झाला नाही. याला कारण मेंढरं. चरायला गेलेली माणसं एकमेकांपासून लांब असतात, वारा असतो, कुत्री भुंकत असतात. ओरडून घसा बसवण्यापेक्षा मेंढपाळ हातानं बोलतो. लांडगा दिसला, पाणी तिकडं आहे, ती लंगडी मागं राहिली, भाकरी खायला ये, हे सगळं माझे वडील दोन शेतांच्या अंतरावरून हातानं सांगायचे. त्यात बहिणीनं आपल्या डोक्यानं भर घातली होती. कानाजवळ मूठ वळवली की एडका, कारण त्याचं शिंग तसं वळतं. तळहातावर बोटानं गिरगटलं की मी, कारण मी सदा काहीतरी लिहीत असायचो. ओठावर दोन बोटं नेऊन पीळ दिला की वडील. वडिलांची मिशी होतीच तशी, तालुक्याच्या बाजारात लांबून ओळखू यावी अशी.

आणि घरात सगळ्यात बडबडी कोण असेल तर ती. कोणत्या शेतकऱ्यानं ज्वारी देताना हात कसा आखडता घेतला, त्याची बायको दाराआडून कशी डोळे वटारत होती, हे ती अशी करून दाखवायची की आई हसून हसून चुलीपुढं भाकरी जाळायची. तिच्याशी सगळ्यात जास्त बोलायचो मी. भांडायचोही मीच.

नव्वदीच्या सुरुवातीला मी बारावी झालो. त्या काळी साधा डी.एड. म्हणजे जिल्हा परिषदेची नोकरी नक्की, आणि नोकरी नक्की म्हणजे मुलीचे बाप दारात. माझा नंबर थोडक्या मार्कांनी हुकला. मग गावातल्या गुरुजींनी सांगितलं की मुक्या-बहिऱ्या लेकरांना शिकवायचाही एक डी.एड. असतो, एका वर्षाचा. कॉलेज पार औरंगाबादच्या पलीकडं होतं. डोनेशन, फी, राहणं, खाणं मिळून बारा हजारांच्या आसपास खर्च होता.

वडिलांना हजार कळायचे नाहीत असं नाही, पण ते मोजायचे विसात. आमच्याकडं वीस म्हणजे एक इसा. गुरुजी, वडील, आई आणि मी अंगणात बसलो होतो. वडिलांनी विचारलं, "म्हंजी किती मेंढरं?"

गुरुजींनी बाजारभावानं हिशेब केला. बावीस मेंढ्या.

"इसावर दोन," वडील म्हणाले. कळप सगळा मिळून तीन इसे होता. मग म्हणाले, "मेंढी वर्साला एक कोकरू देती. ह्ये शिक्षान काय देतं?"

"पगार देतं," गुरुजी म्हणाले. "दर महिन्याला."

"आन घरात एक लेकरू हाय त्या कामाचं," आई मधेच म्हणाली. "तिलाबी कायतरी हुईल की."

हा तिचा शब्द निर्णायक ठरला. मला स्वतःला बहिणीचं त्यात काही वाटलं होतं का? मनात नोकरी होती, दुसरं काही नव्हतं. पण आई तसं म्हणाल्यावर मीही मान हलवली आणि चेहरा कनवाळू केला. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, तो प्रकार.

विकायच्या मेंढ्या निवडायचं काम बहिणीचं, कारण प्रत्येक मेंढीची खोड तिला पाठ. वडिलांनी तिला खुणेनं सांगितलं की म्हाताऱ्या, दात पडलेल्या बाजूला काढ. तिनं उलटं केलं. तरण्या, भरल्या अंगाच्या, दुभत्या अशा बावीस मेंढ्या एकेक करून बाहेर काढल्या. वडील धावत गेले. "येडी झाली का गं? काहून चांगल्या काढून राहिली?" असं तोंडानं आणि हातानं दोन्हींनी विचारलं. तिनं शांतपणे तळहातावर गिरगटलं, म्हणजे मी. मग आपल्या कानाला हात लावला, मग छातीला. तो माझ्यासाठी चाललाय. म्हाताऱ्या मेंढ्यांना भाव येत नाही.

वडिलांनी तिच्या मनासारखं होऊ दिलं.

कॉलेजात जे शिकवलं ते त्या वेळी सगळीकडं तसंच शिकवत असत, म्हणून मी कुणाला दोष देत नाही. शिकवण एकच. मूल बोललं पाहिजे. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची, 'प' म्हटलं की पट्टी हलली पाहिजे. मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवून आवाजाची थरथर कळवायची. आरशासमोर बसवायचं. आणि हातवारे बंद. खुणा केल्या की मूल बोलायचे कष्ट घेत नाही, असं आमच्या बाई सांगायच्या. शेजारच्या शाळेत आम्ही पाठ बघायला जायचो, तर चिमुरडी पोरं स्वतःच्या हातांवर बसलेली असायची. मांड्यांखाली हात, नजर बाईंच्या तोंडावर. मला ते फार शिस्तीचं वाटलं होतं.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. हे सगळं वयाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत झालं तर झालं, नंतर फारसं हाती लागत नाही. ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली, परीक्षेत त्यावर प्रश्न आला आणि मी तो सोडवला. माझी बहीण तेव्हा पंधरा वर्षांची होती.

तरीही उन्हाळ्यात घरी आलो तो मोठा तज्ज्ञ होऊनच. पहिल्याच संध्याकाळी जाहीर केलं की आजपासून हिच्याशी कुणी हातानं बोलायचं नाही. तोंडानं बोलायचं, सावकाश, तिच्यासमोर बसून. आई म्हणाली, "आरं पर तिला कळंल कसं?" मी म्हटलं, "कळेल. कळायला भाग पाडलं की कळतं." हे वाक्य आज आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

बहीण मात्र खुशीत होती. ज्याच्यासाठी मेंढ्या गेल्या तो भाऊ परत आला होता आणि रोज सकाळी तिला समोर घेऊन बसत होता. पंधरा दिवस तिनं जीव तोडून मेहनत घेतली. मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, कपाळावर घाम यायचा. एके दिवशी 'प' उमटला. कागदाची पट्टी हलली. ती उठून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी आईला सांगायला लागली, भरभर, उड्या मारत. मी तिचे हात पकडून खाली दाबले. "हात नाही!" ओरडलो. तिला ओरडणं ऐकू येत नव्हतं, पण चेहरा दिसत होता.

त्यानंतर एकदा मी माझ्या टॉवेलानं तिचे हात बांधले. पाठ संपेपर्यंतच, पण बांधले. असं कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, ते माझं स्वतःचं डोकं.

आईचं अधूनमधून चुकायचं. चुलीपाशी माझी पाठ वळली की तिचे हात चालू व्हायचे. वडील मात्र कधी चुकले नाहीत. "इसावर दोन मेंढरं घातली ह्या इद्येत," ते आईला म्हणाले, "आता तीच मानायची न्हाई तर घातली काहून?" एवढा पैसा गेला म्हणजे ते खरंच असणार, असा त्यांचा साधा हिशेब. हातांना सवय होती, ते आपोआप उचलायचे, म्हणून बहिणीशी बोलताना वडील भर उन्हाळ्यात मांडीवर घोंगडी घेऊन बसायचे आणि हात तिच्याखाली ठेवायचे. घोंगडीखाली त्यांचे हात हललेले मला दिसायचे. मला तेव्हा त्यांचं कौतुक वाटायचं.

आणि मग मिशी. बहिणीला वडिलांचे ओठ वाचता येईनात. येणार कसे, वरचा ओठ मिशीनं झाकलेला. मी आपलं कॉलेजातलं ज्ञान सांगितलं की बोलणाऱ्याचे ओठ उघडे पाहिजेत. हे मी बोलून गेलो, उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसऱ्या दिवशी वडील न्हाव्याकडं जाऊन मिशी काढून आले.

आमच्यात मिशी काढतात ती आई-बाप गेल्यावर. माझी आजी चुलत्यांकडं दुसऱ्या गावी राहायची. आठवड्याच्या बाजारात लोक वडिलांच्या गळ्यात पडायला लागले. "म्हातारी कवा गेली? कळवलं न्हाई." दोघं जण तर परस्पर चुलत्यांच्या गावी भेटायला गेले, तर आजी अंगणात शेंगा फोडत बसलेली. चुलत्यांनी येऊन वडिलांना वाट्टेल ते सुनावलं. जित्या आईच्या नावानं मिशी उतरवली म्हणून. वडील ऐकून घेत राहिले. त्यांचा वरचा ओठ पांढराफटक दिसत होता, तिथं कधी ऊन लागलंच नव्हतं.

न्हाव्याकडून ते घरी आले तेव्हा बहीण मेंढरांना पाणी पाजत होती. तिनं वडिलांकडं पाहिलं. बघतच राहिली. मग आपली दोन बोटं ओठावर नेली, आणि पीळ न देता तशीच खाली आणली. ज्या खुणेनं ती त्यांना हाक मारायची ती खूणच त्यांच्या चेहऱ्यावरून गेली होती. मी हे पाहिलं. पाहून मी काय केलं? "हात नाही" म्हणालो.

त्या पावसाळ्यापासून तिनं हात बंद केले. म्हणजे मी जे मागितलं होतं ते मला दिलं. बोलणं काही आलं नाही, 'प' आणि 'आ' आणि आणखी दोन-चार आवाज, तेही मी समोर असलो तरच. घरात चुलीजवळ बसून असायची, हात पदरात गुंडाळून. वडिलांनी वर्षभरानं मिशी परत वाढवली, पण त्यांचे आणि तिचे हात पुन्हा तसे बोलले नाहीत. रानात ते तिला कळपाच्या कामापुरतं सांगायचे, ती ते करायची. मी घरी सांगायचो, लेकरू मोठं झालं, शहाणं झालं.

मग मला नोकरी लागली. कळमनुरी तालुक्यातली एक निवासी शाळा, वारंगा फाट्यावर गाडी बदलून जावं लागायचं. पत्र्याच्या चार खोल्या, तीस-पस्तीस मुलं. शाळेला अनुदान नव्हतं, ते येईल तेव्हा पगार, तोवर चारशे रुपये मानधन, तेही संस्थाचालकांना आठवलं तर. माझ्याबरोबरचा एक जण साध्या डी.एड.ला लागला होता, तो मोटारसायकलवर फिरायला लागला. मी घरून ज्वारीचं पीठ न्यायचो.

तिसऱ्या वर्षी बहिणीला स्थळ आलं. कनेरगाव नाक्याच्या अलीकडं एका वस्तीवरचा माणूस, चार एकर जमीन, पहिली बायको वारलेली. मेंढरं नव्हती. मुक्या मुलीला हुंडा न मागता कोण करतो, असं सगळे म्हणाले. बघायला आले त्या दिवशी मीच तिला बजावलं होतं की पाहुण्यांसमोर हात हलवायचे नाहीत. पाहुणे गेल्यावर आई मला म्हणाली, "तिला इचार बाबा. पसंत हाय का नीट इचार. तुझं तर शिक्षानच हाय त्याचं."

मी तिला समोर बसवलं. उजेड माझ्या तोंडावर पडेल असा बसलो, कॉलेजात शिकवल्यासारखा. सावकाश, एकेक अक्षर तोडून विचारलं, "तु-ला प-संत आ-हे का?" तिनं माझ्या ओठांकडं पाहिलं, मग डोळ्यांकडं, आणि मान हलवली.

बहिरं लेकरू न कळलं तरी मान हलवतं. समोरचा मोठा माणूस खूश व्हावा म्हणून, सुटका व्हावी म्हणून. हे माझ्या शाळेतलं रोजचं होतं. कोणता प्रश्न विचारला तरी माना हलायच्या, आणि मी चिडायचो की नुसत्या माना हलवू नका, कळलं नाही तर तसं सांगा. म्हणजे ती मान कसली होती ते मला तिथल्या तिथं कळायला हवं होतं. मला वाटतं, कळलंही होतं. हात उचलून दोन खुणांत विचारता आलं असतं. पण मग तीन वर्षं मी काय केलं, असा प्रश्न उभा राहिला असता.

मी आईला सांगितलं, "हो म्हणाली."

माणूस वाईट निघाला नाही, एवढं नशीब. मारत नाही, पीत नाही. पण ते पदरात पडलेलं नशीब, मी केलेलं काम नव्हे. पंचमीला, दिवाळीला ती माहेरी यायची. पाया पडायची, वाढायची, भांडी घासायची, हात पदरात घेऊन बसायची. मी तिच्याशी सावकाश तोंडानं बोलायचो, ती मान हलवायची. सासरी गेल्यावर पोरी गंभीर होतात, अशी मी माझी समजूत घालून घेतली.

हिंगोली वेगळा जिल्हा झाला, शाळेची फाईल परभणीच्या वाटेवरून हिंगोलीच्या वाटेला लागली, आणि आणखी काही वर्षांनी एकदाचं अनुदान आलं. पहिला पूर्ण पगार हातात पडला त्या दिवशी मी पेढे घेऊन गावी गेलो. वडील आता थकले होते, कळप विकून टाकला होता. मी त्यांना आकडा सांगितला आणि म्हटलं, "दर महिन्याला एक इसा मेंढ्या येतील एवढा पगार म्हणा." मेंढ्यांचाही भाव वाढलाय हे मी लपवलं.

त्यांनी पेढा हातात धरून ठेवला. "पगार कशाचा देतेत?"

"मुक्या लेकरांना बोलायला शिकवायचा."

"मंग बोलायला लागले का?" त्यांनी खरंच कुतूहलानं विचारलं. "एखादं तरी?"

मी भडकलो. तुम्हाला काय कळतं, हे शास्त्र आहे, वगैरे बरंच बोललो. ते म्हणाले, "न्हाई, इचारलं आपलं," आणि पेढा खाल्ला.

पुढं दोन वर्षांनी शिक्षकांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण लागलं. शिकवायला आलेले गृहस्थ स्वतः बहिरे होते. ते हातांनी बोलायचे आणि बाजूला एक बाई त्याचं तोंडानं सांगायच्या. आता शासनाचं म्हणणं असं की मुलांना खुणांच्या भाषेतून शिकवा, तीच त्यांची मायबोली, ती अडवू नका. आमच्यातले काही जण हसले. दहा वर्षं पोरांना हातांवर बसवलं आणि आता हे! मी हसलो नाही. ते गृहस्थ चहाच्या सुट्टीत कुठल्यातरी दुसऱ्या बहिऱ्या माणसाशी बोलत होते, कुणाची तरी नक्कल करत होते, आणि दोघं खदखदून हसत होते. मला एकदम आमचं अंगण दिसलं, चुलीवर जळणारी भाकरी दिसली. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

त्या पाच दिवसांत मी शे-दीडशे खुणा पाठ केल्या. घरी आरशासमोर सराव केला. मग एका शनिवारी, न कळवता, हिंगोलीहून वाशिमच्या गाडीत बसलो आणि बहिणीच्या वस्तीवर गेलो.

अंगणाच्या कडेला बाभळीखाली पोचलो आणि थांबलो. ती ओट्यावर बसून तूर निवडत होती, समोर तिची सात वर्षांची मुलगी. मुलीला ऐकू येतं, चांगली खणखणीत बोलते. दोघी हातानं बोलत होत्या. इतक्या भरभर की मला एक अक्षर कळेना. बहिणीनं गाल फुगवून, डोळे वटारून कुणाची तरी नक्कल केली, आणि मुलगी मागं लोळून हसली. माझी बहीण बोलत होती. ती कधी गप्प झालीच नव्हती. ती फक्त आमच्यापुरती गप्प होती.

मला पाहिल्याबरोबर तिनं हात पदरात घेतले.

तिचा नवरा शेतात गेला होता. पाणी झालं, बसलो. मग मी हात उचलले आणि प्रशिक्षणात शिकलेल्या खुणा सुरू केल्या. बहीण, तू, कशी, आहेस. नीट, आरशात केल्या होत्या तशा. तिनं कपाळाला आठ्या घालून पाहिलं आणि मुलीकडं वळून काहीतरी विचारलं.

"आई म्हणती, मामा काय करून राहिले?" मुलगी म्हणाली.

मी परत करून दाखवल्या. आणि वर तिचा हात धरून 'बहीण' कसं करायचं ते तिला दाखवायला लागलो. म्हणजे पुन्हा शिकवायलाच लागलो. ते लक्षात येताच मी तिचा हात सोडला. मग जुनं आठवून पाहिलं. एडका आठवला. पाणी आठवलं. लांडगा आठवला. तळहातावर गिरगटून मी माझं नाव सांगितलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पण पुढं काय? मेंढरांमागं केलेल्या त्या बोलण्यात पस्तावल्याची खूण असलीच तर ती मला येत नव्हती.

शेवटी मुलीला म्हटलं, "आईला सांग, मामा चुकला."

"काय चुकलं?" तिनं विचारलं. तिला खूण करायला नेमकं हवं होतं.

"तिचे हात बंद केले ते. आणि लग्नाच्या वेळी तिला नीट विचारलं नाही. न विचारताच हो म्हणून सांगितलं."

त्या सात वर्षांच्या पोरीनं हे आपल्या आईला कसं सांगितलं मला माहीत नाही. बराच वेळ तिचे हात चालले होते. बहीण ऐकत होती, म्हणजे बघत होती. माझ्याकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. मग सुपातले खडे बाजूला टाकत तिनं दोन खुणा केल्या.

"आई म्हणती, तिला ठाऊक हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी टकमक बघत राहिली. मी म्हटलं, "तुम्ही दोघी बोलता ते मला शिकवायला सांग आईला. काहीही लागू दे, मी शिकतो. पहिल्यापासून शिकतो."

मुलीनं सांगितलं. बहिणीनं या वेळी माझ्याकडं पाहिलं, नीट, बऱ्याच दिवसांनी. रागानं नाही. एखादं पोर आपल्याला उचलणार नाही ते ओझं मागतं तेव्हा आई जशी पाहते तसं. मग मुलीकडं वळून हळूहळू, खुणा सुट्या सुट्या करून तिनं सांगितलं, आणि मुलगी तिच्या हातांकडं बघत बघत मला सांगत गेली.

"आई म्हणती, ह्याला शाळा नस्ती. ह्याला संगं ऱ्हावं लागतं. रोज. मामा, तुमी ऱ्हाता का?"

मी घड्याळ पाहिलं. सोमवारी शाळेची तपासणी होती आणि रजा एकाच दिवसाची टाकली होती. बहिणीनं चहा ठेवला. तो पिऊन मी चारच्या गाडीनं निघालो.